शहरी कंपोस्टमधील अळ्या : ओळख आणि व्यवस्थापन

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहातून दररोज सुमारे १८ किलो ओला कचरा निघत असे. तेथील खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास तो गच्चीवरच जिरवण्यास प्रारंभ केला. मुंबईत शहरी शेती रुजवणारे डॉ. आर. टी. दोशी आणि प्रयोग परिवाराचे प्रवर्तक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या पद्धतींचा त्यांनी आधार घेतला. पिंपांत व करंड्यांत उसाचे चिपाड, पालापाचोळा आणि भाज्यांची देठे कुजवून त्यावर फळझाडे व भाजीपाला वाढवला गेला. पुढे ‘अर्बन लीव्ज’ या गटामार्फत ही पद्धत अनेक नागरिकांपर्यंत पोहोचली.

अशा प्रयोगाचे अनुकरण करताना उत्साह अनेकदा पिंपात अळ्या दिसताच मावळतो. लगेच कीटकनाशक ओतले जाते आणि खत करणारे मजूरच मारले जातात. म्हणून प्रथम ओळख हवी.

चपट्या, करड्या-तपकिरी, चिवट त्वचेच्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या ओला कचरा झपाट्याने फस्त करतात. प्रौढ माशी घरातील अन्नावर घोंघावत नाही. पांढऱ्या, तोंडाकडे निमुळत्या अळ्या मात्र घरमाशीच्या. त्या वाढल्या, म्हणजे कचरा उघडा व अतिओला आहे. प्रत्येक थरावर कोरडा पाला पसरून तो झाकणे, हाच उपाय.

इंग्रजी ‘सी’ आकाराची जाड पांढरी अळी दिसली की शेतकरी तिला सरसकट हुमणी म्हणतात. ती सपाट जमिनीवर ठेवावी. पाठीवर उताणी सरकू लागली, तर ती फूलभुंग्याची; ती कुजके पदार्थ खाते, मुळांना तिच्यापासून धोका नाही. नारळाच्या परिसरात गेंडा भुंग्याची अळीही खतात सापडते. ती वेचून नष्ट करावी किंवा खड्ड्यात मेटारायझियम बुरशी वापरावी.

चिपाड मुंबईत रसवंतीगृहांतून सहज मिळते. जबलपूरनजीकच्या पनागरसारख्या गावात गाजरगवत हा फुकटचा हिरवा माल ठरू शकतो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने त्यापासून कंपोस्ट करण्याचा प्रसार केला आहे. मात्र ते फुलोऱ्यापूर्वीच, हातमोजे घालून उपटावे. बी धरलेले गवत अर्धवट कुजवून वाफ्यात घातले, तर खताबरोबर तणही पेरले जाते.