नवापूर ते गोरेवाडा

कोल्हापुरात बर्ड फ्लूची बातमी पोहोचते ती चिकनच्या भावातून. कोंबड्या मरतात परभणीकडे नाहीतर लातूरकडे, आणि इथं लोक मुकाट्यानं मटणाच्या दुकानाकडे वळतात. उकळत्या रश्श्यात हा विषाणू टिकत नाही, ७० अंशांना तो मरतो, हे प्रत्येक साथीत नव्यानं सांगावं लागतं. साथ सरली की विषय संपतो. विषाणूच्या बाजूनं मात्र तो वीस वर्षांत एकदाही संपलेला नाही.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू असल्याचं जाहीर झालं. निदान भोपाळच्या प्रयोगशाळेचं, आणि देशातली ही पहिलीच नोंद. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. साथही पलीकडच्या उच्छलपर्यंत गेली. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांतल्या परसातल्या कोंबड्या मेल्या. लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरले गेले. माणसांचे नमुने तपासले, त्यांत लागण सापडली नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं या विषाणूंचा जनुकीय आराखडा वाचला. इन्फ्लुएंझाच्या या विषाणूचा जनुकसंच सलग नसतो. आरएनएचे आठ सुटे तुकडे असतात. नक्कल करताना त्याच्या चुका होतात आणि त्या दुरुस्त होत नाहीत. शिवाय एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू विषाणू शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच बाहेर पडू शकतो. पेशीत शिरण्यासाठी त्याच्या एच या प्रथिनाचे दोन भाग व्हावे लागतात. सौम्य प्रकारांत हे काम आतड्यातली आणि श्वासमार्गातली विकरंच करतात, म्हणून आजार तिथंच थांबतो. नवापूरच्या विषाणूत त्या तुटण्याच्या जागी आर्जिनिन आणि लायसिन ही अमिनो आम्लं ओळीनं बसलेली होती. असा जोड शरीरात कुठंही तुटतो, आणि मग दोन-तीन दिवसांत अख्खी शेड आडवी होते.

या विषाणूचं मूळ घराणं १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या हंसात सापडलं होतं. १९९७ मध्ये हाँगकाँगला १८ माणसांना लागण झाली, त्यातली ६ दगावली. नवापूरचा विषाणू त्या घराण्याच्या २.२ या शाखेतला, म्हणजे २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर हजारो रानपक्षी मारणाऱ्या विषाणूचा भाऊबंद. तिथं सर्वाधिक मेले ते पट्टकादंब. हेच पक्षी हिवाळ्यात जायकवाडीला आणि उजनीला उतरतात, म्हणून सगळा ठपका त्यांच्यावर येतो. मला तो अर्धवट वाटतो. जनुकं नातं सांगतात; विषाणू पंखांवरून आला की कोंबड्यांच्या गाडीतून, अंड्यांच्या ट्रेमधून, हे त्यांत लिहिलेलं नसतं. परदेशी पाहुण्याला दोष देणं सोपं, गाड्या आणि पिंजरे धुऊन घेणं कटकटीचं.

नवापूरनंतर साथ २००७ मध्ये मणिपुरात, २००८ मध्ये पश्चिम बंगालात. २.२ नंतर २.३.२.१ ही शाखा आली. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, मुंबई-ठाणे-दापोलीत कावळे पडले, फेब्रुवारीत पुन्हा नवापूर. त्या हंगामात देशात एच५एन१ बरोबर एच५एन८ ही होता. म्हणजे बर्ड फ्लूची पाटी तीच, आतला माल बदललेला. त्याच वर्षी जुलैत दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा एच५एन१ नं दगावला. माणसाचा देशातला हा पहिला नोंदलेला मृत्यू.

आता सस्तन प्राण्यांची पाळी. २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंना लागण झाली. डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. निदान पुन्हा भोपाळचं. पीबी२ या प्रथिनाच्या ६२७ व्या जागी लायसिन आलं, की सस्तनांच्या शरीरात विषाणूची वाढ सोपी होते. चिंगहाईच्या शाखेत हा बदल २००५ मध्येच होता, त्यामुळे वाघांची बातमी अभ्यासकांना आकाशातून पडल्यासारखी वाटली नसावी. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले, मग उरणजवळ चिरनेरच्या कोंबड्या.

इथं कोल्हापुरात रंकाळा किंवा कळंबा तलावावर चार-पाच कावळे एकदम मेलेले दिसले, तर ते कचऱ्याच्या गाडीत न टाकता पशुसंवर्धन विभागाला कळवावं लागतं. नमुना भोपाळला गेला, तरच यंदाची शाखा कोणती ते कळेल.