खुणेवांचून मोजणी

दुभत्या जनावरास बुरसलेली भुईमुगाची पेंड किंवा मका घातल्यास दूध नासत नाहीं, त्यास वास येत नाहीं कीं त्याचा रंगही पालटत नाहीं. तथापि त्यांत विष उतरलेलें असूं शकतें. बुरशीपासून होणारें अफ्लाटॉक्सिन बी-१ हें विष गाईच्या यकृतांत बदलून एम-१ या रूपानें दुधांत येतें. इ. स. १९६० सालीं इंग्लंडांत सुमारें एक लक्ष टर्की पक्षी भुईमुगाच्या पेंडीनें मेले, तेव्हां या विषाचा छडा लागला. आपल्या देशांत एक किलो दुधांत अर्ध्या मायक्रोग्रॅमहून, म्हणजे एका ग्रॅमच्या वीस लक्षाव्या भागाहून, अधिक एम-१ असूं नये असा नियम आहे. इतकी अल्प वस्तु पकडावी कशी?

याकामीं प्रतिपिंड नांवाचें प्रथिन उपयोगी पडतें. तें आपल्या ठराविक पदार्थासच चिकटतें. तें चिकटलें कीं नाहीं हें डोळ्यांस दिसावें म्हणून त्यास रंगाची किंवा सोन्याच्या सूक्ष्म कणांची खूण बांधतात. परीक्षेच्या कागदी पट्टीवर तांबडी रेघ उमटते ती या खुणेचीच.

आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेल्यामुळें, हद्दीची खूण नाहीं तर मोजणी नाहीं, ही समजूत आमच्या हाडींमाशीं भिनलेली. म्हणून खुणेवांचून मोजणारें यंत्र आहे हें वाचून आम्हांस नवल वाटलें. परंतु येथें खूणच कधीं कधीं घात करते. तिच्या ओझ्यानें रेणूचें चिकटणें बदलूं शकतें. शिवाय पट्टीवर अखेरचा निकाल तेवढा दिसतो, मधली हकीकत दिसत नाहीं.

नव्या रीतींत कांचेवर सोन्याचा सुमारें ५० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाइतका, पापुद्रा चढवितात. खालून लोलकांतून सोडलेला प्रकाश त्यावरून परत फिरतो. मात्र एका विवक्षित कोनांत त्याचें तेज एकाएकीं मंदावतें, कारण तेथें त्याची शक्ति सोन्यांतील इलेक्ट्रॉनांस हेलकावे देण्यांत खर्च होते. यास सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स म्हणतात. सोन्याच्या वरच्या अंगास कांहीं चिकटलें कीं हा कोन सरकतो. चौरस मिलिमीटरवर एक नॅनोग्रॅम प्रथिन बसल्यास तो अंशाच्या सुमारें दहाव्या भागाइतका सरकतो, आणि यंत्र याहूनही पुष्कळ सूक्ष्म फरक टिपतें. जर्मनींत १९६८ सालीं ओटो व क्रेचमन यांनीं प्रकाशाची ही मांडणी सिद्ध केली. स्वीडनमध्यें १९८३ सालीं तिचा उपयोग प्रथिनें ओळखण्याकडे झाला, व १९९० सालीं बियाकोर नांवाचें यंत्र बाजारांत आलें.

खरी गंमत पुढेंच आहे. प्रतिपिंडाचें पाणी वाहूं लागलें कीं कागदावरील रेघ चढते. नुसतें क्षारजल सोडलें कीं हळूहळू उतरते. चढण्यावरून जुळण्याचा वेग कळतो, उतरण्यावरून सुटण्याचा. दोन प्रतिपिंडांची एकंदर ओढ सारखी असूं शकते. पण एक चटकन् जुळून चटकन् सुटतें, दुसरें सावकाश जुळून सावकाश सुटतें. धुण्याच्या पायरींत पहिलें वाहून जातें. परीक्षा तयार करणारानें हा भेद न पाहिल्यास निकाल चुकावयाचा, आणि चांगलें दूध परत फिरलें तर त्याची झळ आपणांसच.

अफ्लाटॉक्सिनाचा रेणू मात्र फारच लहान. प्रतिपिंड त्याहून वजनानें सुमारें साडेचारशें पट जड. एवढासा रेणू चिकटून कोन म्हणण्यासारखा हलत नाहीं. म्हणून विष आधींच सोन्यावर बसवितात, आणि दुधाच्या नमुन्यांत मोजकें प्रतिपिंड मिसळतात. दुधांत विष असेल तर तें प्रतिपिंडास अडकवून ठेवतें. जें मोकळें उरतें तेंच सोन्यावर चिकटतें. म्हणजे कोन जितका कमी सरकला तितकें दूध अधिक विषारी, असा हा उलटा हिशेब.

दुधांतील स्निग्धांश व इतर प्रथिनेंही सोन्यास चिकटूं पाहतात. यास्तव शेजारीं विष न बसविलेला दुसरा पाट ठेवून त्याची नोंद वजा करितात. यंत्र महाग, तें प्रयोगशाळेंतच शोभावयाचें. गांवच्या केंद्रावर पट्टीच चालणार. प्रत्येक नमुन्यानंतर आम्लाचा किंवा अल्कलीचा सौम्य प्रवाह सोडला कीं चिकटलेलें प्रतिपिंड सुटून जातें, रेघ पूर्वस्थळीं येते, आणि तोच पापुद्रा पुढच्या नमुन्यास तयार होतो.