पदवीधरांचे खाते कोणाच्या वहीत?

मोमिनपुऱ्यातल्या कोणत्याही कापडवाल्याला विचारा, मागच्या रमजानआधी किती माल उचलला, किती उधारीवर गेला, कोणाकडे किती बाकी आहे. तो वही उघडून सांगेल. काही जुने व्यापारी तर वही न उघडताच सांगतील. त्याच दुकानदाराला विचारा, तुमच्या गल्लीतून गेल्या दहा वर्षांत किती मुले-मुली पदवीधर झाली आणि आज ती काय करतात? तो दोन-तीन नावे घेईल. एक इंजिनियर होऊन आखातात गेलेला, एक डॉक्टर झालेली मुलगी, एखादा सरकारी नोकरीत लागलेला. बाकीच्यांचा हिशेब त्याच्याकडे नसतो. मशिदीच्या दप्तरात नसतो, शाळेकडेही बहुधा नसतो.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, घर आणि लग्नकार्य सोडले तर आपल्या कारागीर कुटुंबाची सर्वांत मोठी रक्कम मुलांच्या तालिमीत जाते. बाप करघ्यावर किंवा गॅरेजमध्ये बारा तास राबतो, आई घरी शिवणकाम करते, तेव्हा कुठे एक मूल पंधरा वर्षांनी पदवीपर्यंत पोहोचते. एवढे भांडवल जिथे लागते, तिथे त्याचे पुढे काय झाले हे कोणीच लिहून ठेवू नये, हा व्यापाराचा रिवाज नव्हे.

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ ची. म्हणजे शंभर वर्षे होऊन गेली. २००५ पासून त्याच्या नावाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव जोडले गेले. या शंभर वर्षांतला आपल्या समाजाचा नागपूरचा पदवीधर कोण, असे विचारले की एकच नाव पुढे येते : न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला. ते मॉरिस कॉलेजातून १९२६ साली बी.ए. झाले, केंब्रिजला गेले, बॅरिस्टर होऊन १९३० मध्ये नागपुरात वकिलीला बसले. पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, १९६८ मध्ये भारताचे सरन्यायाधीश, १९६९ मध्ये काही काळ हंगामी राष्ट्रपती आणि १९७९ ते १९८४ उपराष्ट्रपती. या थोर माणसाबद्दल एक गोष्ट कमी सांगितली जाते. वकिली करत असतानाच ते नागपूरच्या विद्यापीठ विधी महाविद्यालयात कायदा शिकवत. स्वतः वर गेले, आणि मागून येणाऱ्यांसाठी वर्गातही उभे राहिले.

हिदायतुल्लांचे चरित्र आपल्याला मिळते, कारण ते मोठे झाले आणि त्यांनी आत्मचरित्रही लिहिले. त्यांचे वडील अलीगडचे पदवीधर होते. घरात पुस्तके होती. पण आम्हाला खरी ओढ आहे ती दुसऱ्यांची. कामठीच्या एखाद्या विणकराचा मुलगा, घरातला पहिला मॅट्रिक, पहिला बी.ए., तो पुढे कुठे गेला? शिक्षक झाला, कारकून झाला, की पुन्हा सुताच्या व्यापारात आला? त्याने धाकट्या भावांना शिकवले का? समाजाची चाल कळते ती अशा साध्या माणसांच्या हकिकतीतून, आणि तीच आपल्याकडे नाही. मोमिनपुऱ्याचे नाव विणकरांवरून पडले. मोमिन विणकर उत्तरेतून येऊन इथे आणि कामठीत स्थिरावले. हातमागाकडून यंत्रमागाकडे आणि मागाकडून दुकानाकडे हा प्रवास त्यांनी केला. टाटांची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली, याची तारीखवार नोंद आहे. मागावरून उठून कॉलेजात गेलेल्या मुलांची मात्र नाही.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात देशाचा आकडा दिला. वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहून कमी, आणि एकूण लोकसंख्येत सुमारे सात टक्के. तो आकडा जुना आहे. तेव्हापासून मुली मोठ्या संख्येने कॉलेजात गेल्या, हे प्रत्येक मोहल्ल्यात डोळ्यांनी दिसते. सदरमध्ये अंजुमनचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९९ मध्ये सुरू झाले, त्यालाही बराच काळ लोटला. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहरात मुसलमान सुमारे बारा टक्के होते. एवढ्या वस्तीत पदवीधर किती आणि कुठे, याचे उत्तर आपणच द्यायचे आहे. दिल्लीची समिती ते देणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या घरांत पदवीची किंमत नोकरीवर ठरते. मुलगा बी.कॉम. झाला, नोकरी लागली नाही आणि बापाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसला, की लोक म्हणतात, ‘मग शिकून काय फायदा झाला?’ हे वाक्य ऐकून शेजारचा बाप आपल्या मुलाला बारावीनंतर थेट गल्ल्यावर बसवतो. एका चुकीच्या हिशेबाने असे दुसरे मूल शाळेतून निघते. आम्ही म्हणतो, त्या दुकानात बसलेल्या बी.कॉम.चा नीट हिशेब करून पाहा.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. चाळीस लाखांवर उलाढाल गेली की मालाच्या व्यापाऱ्याला नोंदणी घ्यावी लागते. कोणत्या मालाला कोणता कोड, खरेदीवर भरलेला कर परत कसा वळता करायचा, माल बाहेरगावी धाडताना ई-वे बिल कधी लागते, कंपोझिशन घेतले तर गिऱ्हाईक टिकेल की जाईल, हे प्रश्न रोजचे झाले. ज्या दुकानात शिकलेला मुलगा होता, तिथे तो संध्याकाळी बसून हे करू लागला. जिथे नव्हता, तिथले मालक बाहेरच्या माणसाला पैसे देतात आणि नोटीस आली की हात जोडून उभे राहतात. बँकेचेही तेच. मुद्रा योजना २०१५ पासून आहे, त्यात छोट्या कारागिराला कर्ज मिळू शकते. महाराष्ट्र सरकारचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. पण अर्जासोबत धंद्याचा अंदाजपत्रक-अहवाल लागतो, उद्यम नोंदणी लागते, खात्यावरचे व्यवहार दाखवावे लागतात. उत्तम फर्निचर बनवणारा मिस्त्री इथेच अडतो. त्याच्याच मागच्या गल्लीत एम.कॉम. झालेली मुलगी घरी बसून आहे. मिस्त्रीला तिची खबर नाही आणि तिलाही मिस्त्रीची नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबू. आपल्या मोहल्ल्यांत मुली शिकण्यात पुढे निघाल्या, हे सगळे मान्य करतात, जलशांत टाळ्याही वाजवतात. लग्नानंतर त्या पदवीचे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. बी.एड. झालेली मुलगी सासरी गेली, की माहेरच्या मोहल्ल्याच्या स्मरणातूनही गेली. तिने ट्यूशन सुरू केली असेल, शाळेत लागली असेल, घरून बुटीकचा धंदा करत असेल, किंवा काहीच करत नसेल आणि करायची इच्छा असेल. विचारल्याशिवाय कळणार कसे? नोकरीसाठी बाहेर पाठवायचे की नाही हा प्रत्येक घराचा विचार आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण चार दुकानांचे हिशेब घरी बसून लिहिणे, हे हलाल रोजीचे काम आहे आणि त्याला उंबरठाही ओलांडावा लागत नाही.

ही वही ठेवण्याची कल्पना आमची नवी नाही. अलीगडच्या विद्यार्थ्यांनी १८९० मध्ये अंजुमन-अल-फर्ज काढली. गरीब विद्यार्थ्यांसाठी ते वर्गणी गोळा करत. पुढे तिथल्या ‘ओल्ड बॉइज’ मंडळींची संघटना झाली, आणि कोण कुठे आहे हे ठाऊक असल्यानेच एकाचा हात दुसऱ्याला लागला. इतवारीत व्यापार करणाऱ्या आपल्या बोहरा बांधवांकडे पाहा. घरोघरची नोंद जमातीच्या दप्तरी असते, म्हणून कोणाचा मुलगा काय शिकतो आणि कोणाला भांडवल हवे हे जमातीला शोधत बसावे लागत नाही. नागपुरातलेच आणखी एक उदाहरण लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेचे. कामठीचे व्यापारी डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून ती १९४२ मध्ये उभी राहिली, आणि २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेल, रंग, रसायने यांच्या कारखान्यांत तिथले जुने विद्यार्थी एकमेकांना ओळखतात, नव्या पोराला बोलावून घेतात. व्यापाऱ्याने दिलेला पैसा असा फिरून व्यापारात येतो.

गंमत अशी की, सरकारकडे पदवीधरांची एक यादी असते आणि आपण तिच्यातही नसतो. विधान परिषदेच्या नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघासाठी नमुना १८ भरून नाव घालावे लागते. पदवी मिळून १ नोव्हेंबरपूर्वी किमान तीन वर्षे झालेली असावीत आणि राहणे विभागात असावे, एवढीच अट. दर निवडणुकीला ही यादी नव्याने बनते. मागच्या वेळी भरला होता, आता कशाला, असे म्हणून चालत नाही. डिसेंबर २०२० च्या निवडणुकीआधी तुमच्या घरातल्या किती पदवीधरांनी हा अर्ज भरला होता, घरीच विचारून पाहा. विद्यापीठाच्या अधिसभेवरही नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. फी किती असावी, परीक्षा कधी व्हावी यावर तिथे बोलणे होते. नाव नोंदवलेच नाही तर आपल्या बाजूने कोण बोलणार?

मोहल्ल्याची वही साधी असावी. एक जाड रजिस्टर पुरे, संगणकाची घाई नको. नाव, वडिलांचा धंदा, कोणती पदवी, कोणत्या वर्षी, आज काय करतो किंवा करते, आणि शेवटच्या रकान्यात ‘काय हवे’ किंवा ‘काय देऊ शकतो’. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. पुण्याच्या कंपनीत लागलेला मुलगा लिहील की मुलाखतीची तयारी करून देईन. यंत्रमागवाला लिहील की टेक्स्टाइलचा पदविकाधारक हवा. रमजान ईदला बाहेरगावची मुले घरी येतात, तेव्हाच वही फिरवावी. बायकांची माहिती बायकांनीच घ्यावी, आणि घरच्यांनी सांगितले तेवढेच लिहावे. फोन नंबर मागणाऱ्या प्रत्येकाला वही दाखवायची नाही, नाहीतर ती लग्न जुळवणाऱ्यांची डायरी होऊन बसेल. पगार तर मुळीच लिहू नये. हसद आणि कर्ज मागणारे, दोन्ही तिथूनच सुरू होतात.

आणि जो दुकानात परत आला, त्याचे नाव वगळू नये. त्याच्यापुढे ‘बेकार’ असे लिहू नये. ‘बापाच्या धंद्यात, हिशेब आणि जीएसटी पाहतो’ असे पूर्ण लिहावे. ज्याचे शिक्षण अर्धवट सुटले, त्याचीही नोंद हवी, कारण का सुटले हे दहा ठिकाणी एकच कारण निघाले तर त्यावर इलाज करता येतो. फी भरता आली नाही, इंग्रजी जमले नाही, वडील आजारी पडले, काहीही असो.

आपल्या मोठ्या व्यापाऱ्यांना यात थेट फायदा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, आणि बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही शिकाऊ म्हणून घेण्याची वाट मोकळी झाली. चार ते एकोणतीस माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला ते ऐच्छिक, तीस झाली की बंधनकारक. २०१६ च्या योजनेखाली विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकारने उचलायचा असे ठरले. ज्यांच्याकडे सात-आठ कारागीर आहेत, अशी दुकाने आणि वर्कशॉप नागपुरात कमी नाहीत. त्यांनी चौकशी करावी. नोंदणी ऑनलाइन होते, आणि ती करून द्यायला मोहल्ल्यातलाच एखादा पदवीधर सापडेल.

वही कोणाकडे ठेवायची, यावर बैठक लांबते असा आमचा अनुभव आहे. ट्रस्टी म्हणतात शाळेने ठेवावी, शाळा म्हणते अंजुमनने. आमची सूचना, ज्या दुकानात संध्याकाळी चहाला लोक बसतात आणि ज्याचा मालक उधारीची वही स्वच्छ ठेवतो, त्याच्याकडे ठेवावी. पहिल्या वर्षी पन्नास नावे जमली तरी पुष्कळ झाली.