बिडाची भट्टी: क्युपोला आणि इंडक्शन
ओतकामाची भट्टी पारखताना पहिला प्रश्न असा, की धातू जळणाला टेकतो का? क्युपोलात तो थेट टेकतो. उभ्या पोलादी नळकांड्याला आतून अग्निविटांचे अस्तर, तळाशी धगधगत्या कोकचा थर आणि त्यावर आळीपाळीने बिडाचे तुकडे, कोक व चुनखडी. खालच्या तोट्यांतून ब्लोअरची हवा शिरते आणि वितळलेले बीड निखाऱ्यांतून ठिबकत तळाशी साचते. कोकची राख चुनखडीशी मिळून पातळ मळी होते. ती वर तरंगते आणि वेगळ्या भोकातून काढून टाकतात. बीड काढण्याचे खालचे भोक पहारीने फोडायचे आणि लेडल भरताच दांड्याच्या टोकावरच्या मातीच्या बोळ्याने बुजवायचे, तेही ठिणग्या उडत असताना. हे कसब पुस्तकातून येत नाही. दिवसाचे ओतकाम संपले की तळाचे दार पाडतात आणि उरलेला लालभडक कोक खाली कोसळतो.

निखाऱ्यांतून येताना बीड कार्बन घेते, तसे गंधकही. साध्या करड्या बिडाला हे बरेचसे चालते. १९४८ साली जाहीर झालेल्या एसजी आयर्नला, म्हणजे गोलाकार ग्राफाइटच्या बिडाला, मात्र गंधक मारक ठरते, कारण ग्राफाइट गोलाकार व्हावे म्हणून घातलेले मॅग्नेशियम आधी गंधकातच खर्ची पडते. तोट्यांच्या दोन ओळी असलेल्या क्युपोलात कोक वाचतो, पण गंधक टळत नाही.

इंडक्शन भट्टीत जळणच नसते. तांब्याच्या पोकळ वेटोळ्यातून उलटसुलट वीजप्रवाह सोडला की आतल्या धातूतच प्रवाह उठतात. धातू तापतो आणि आपोआप ढवळलाही जातो. वेटोळे थंड राखायला त्यातून पाणी खेळवतात. टनभर बिडाला साधारण ५०० ते ६०० युनिट वीज लागते. कोल्हापूर परिसरातल्या फाउंड्र्यांत दोन्ही भट्ट्या आढळतात. इंडक्शनमध्ये रसायन नेमके राखता येते, पण ही भट्टी धातू शुद्ध करत नाही. त्यामुळे भंगार निवडूनच घालावे लागते, शिवाय कोरडे. ओला तुकडा द्रवाखाली गेला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो. ठोकून बसवलेले सिलिकाचे अस्तर झिजले, तर द्रव वेटोळ्यातल्या पाण्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून अस्तराची जाडी सतत तपासतात.

पोलादासाठी आर्क भट्टीही वापरतात. तिच्यात योग्य मळीच्या आधारे फॉस्फरस काढता येतो. पितळ आणि ॲल्युमिनियमच्या लहान कामांना मूस पुरते. मात्र तेलाच्या किंवा गॅसच्या ज्वाळेतल्या वाफेतून ॲल्युमिनियम हायड्रोजन शोषते आणि गोठताना ओतीवात बारीक छिद्रे पडतात. ती टाळण्यासाठी ओतण्यापूर्वी द्रवातून नायट्रोजन किंवा आरगॉन सोडतात.