पिशवी काढण्याआधी

पॅरिसच्या लारिबुआझिएर रुग्णालयात जाक राव्हिना हे स्त्रीरोगतज्ज्ञ फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयातल्या गाठींच्या, शस्त्रक्रिया करत. या शस्त्रक्रियांमध्ये रक्त फार जातं. ते कमी जावं म्हणून त्यांनी एक पूर्वतयारी सुरू केली. शस्त्रक्रियेच्या आधी गर्भाशयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत बारीक कण सोडून त्या बंद करायच्या आणि मग ठरल्या दिवशी गाठ काढायची. पण तो दिवस येईपर्यंत अनेक जणींचा रक्तस्राव आटोक्यात आला, दुखणं कमी झालं आणि शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही. १९९५ मध्ये राव्हिना आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा १६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ११ जणींचा त्रास पूर्णपणे गेला होता. पूर्वतयारी म्हणून केलेली गोष्टच उपचार ठरली.

या घटनेला सुमारे तीन दशकं झाली. तरीही आपल्याकडे सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फायब्रॉइड’ हा शब्द दिसला की घरात, शेजारात आणि कितीदा तरी दवाखान्यातही एकच वाक्य ऐकू येतं : पिशवी काढून टाका, कटकट जाईल. काही जणींसाठी तोच योग्य उपाय असतो, यात शंका नाही. पण तो एकमेव उपाय नाही आणि बहुतेकींसाठी पहिला तर नाहीच. गाठ गेली पाहिजे की पिशवी, की दोन्ही जागेवर ठेवून नुसता त्रास थांबवता येईल, हा प्रश्न प्रत्येक बाईसमोर मोकळेपणाने मांडला गेला पाहिजे.

गाठ नेमकी कसली?

गर्भाशयाची भिंत स्नायूंची असते. त्या भिंतीतल्या एखाद्या पेशीच्या जनुकात बिघाड होतो आणि ती विभागत राहते. त्यातून घट्ट, पांढुरकी, गोलसर गाठ तयार होते. प्रत्येक गाठीचं मूळ एकाच पेशीत असतं, त्यामुळे एकाच गर्भाशयातल्या शेजारशेजारच्या गाठीही बहुधा स्वतंत्रपणे जन्मलेल्या असतात. २०११ मध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की तपासलेल्या गाठींपैकी सुमारे ७० टक्के गाठींत ‘मेड-१२’ या एकाच जनुकात बदल झालेला होता. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर गाठी वाढतात आणि पाळी कायमची गेली की बहुधा आकसतात.

या गाठी अतिशय सर्रास आढळतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासानुसार पन्नाशीपर्यंत दहापैकी किमान सात जणींच्या गर्भाशयात त्या असतात. अनेकींना त्याचा पत्ताही नसतो, कारण काही त्रासच होत नाही. त्रास नसेल तर बहुतेक वेळा उपचारही लागत नाही, अधूनमधून तपासणी पुरते. ‘आज गाठ आहे, उद्या कॅन्सर होईल’ ही भीती घालून कितीतरी पिशव्या काढल्या गेल्या आहेत. वास्तविक साध्या फायब्रॉइडचं कर्करोगात रूपांतर होणं अत्यंत विरळ आहे.

ज्यांना त्रास होतो त्यांचा त्रास मात्र खरा असतो. पाळीत अंगावरून इतकं जातं की दर तासाला पॅड बदलावं लागतं, गोळे पडतात, ओटीपोट जड होतं, लघवीला सारखं जावं लागतं. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणं वैद्यकशास्त्र ‘अति’ मानतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा शरीरातून दर महिन्याला एवढं रक्त जाणं किती महाग पडतं, हे वेगळं सांगायला नको. ‘बायकांचं असतंच’ म्हणून हा त्रास सोसत राहणं चूक आहे.

आकारापेक्षा जागा महत्त्वाची

‘गाठ केवढी आहे?’ हे सगळेच विचारतात. त्याहून महत्त्वाचं असतं ते गाठ कुठे आहे. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी दोन सेंटिमीटरची गाठ बाईला रक्तक्षयापर्यंत नेऊ शकते, तर बाहेरच्या अंगाला वाढलेली आठ सेंटिमीटरची गाठ मूत्राशयावर थोडा दाब देण्यापलीकडे काही करणार नाही. म्हणूनच डॉक्टर गाठींना जागेप्रमाणे ० ते ८ असे क्रमांक देतात. उपचाराची वाट या क्रमांकावरून ठरते.

गाठ पोकळीत असेल तर पोटावर एकही टाका न घालता ती काढता येते. न्यूयॉर्कचे रॉबर्ट न्यूवर्थ यांनी १९७०च्या दशकात पुरुषांच्या प्रोस्टेटसाठी वापरलं जाणारं उपकरण यासाठी वापरून दाखवलं. आज या पद्धतीला हिस्टेरोस्कोपी म्हणतात. योनिमार्गाने बारीक दुर्बीण आत जाते. आक्रसलेली पोकळी उघडण्यासाठी तीत सलाईन सोडतात. मग पडद्यावर गुलाबी अस्तर आणि त्यातून वर आलेली पांढरट गाठ स्पष्ट दिसते. विजेवर चालणाऱ्या तारेच्या कडीने डॉक्टर तिच्या एकेक चकत्या काढत जातात. त्याच वेळी कोणीतरी आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या सलाईनचा हिशेब ठेवत असतं. सुमारे अडीच लिटरची तूट दिसली, म्हणजे तेवढं पाणी रक्तात गेलं, की काम थांबवायचं, हा नियम आहे. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

गाठ भिंतीत किंवा बाहेरच्या बाजूला असेल आणि मूल हवं असेल, तर फक्त गाठ काढून भिंत शिवून घेण्याची शस्त्रक्रिया केली जाते. तिला मायोमेक्टमी म्हणतात. गर्भाशय वाचवण्याचा हा आग्रह लंडनच्या व्हिक्टर बॉनी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धरला. त्यांच्या पत्नीचं गर्भाशय तरुणपणीच काढावं लागलं होतं. पुढे बॉनींनी एका गर्भाशयातून तब्बल २२५ गाठी काढून ते गर्भाशय जागेवर ठेवलं. त्या काळी पोट उघडावंच लागे. आज हेच काम बऱ्याचदा दुर्बिणीतून होतं. यामागे जर्मनीतल्या कील शहरातले कुर्ट झेम यांचं मोठं श्रेय आहे. पोटात वायू भरून जागा करणारी उपकरणं आणि दुर्बिणीतून टाके घालण्याची तंत्रं त्यांनी घडवली, आणि त्यासाठी सहकाऱ्यांचा कडवा विरोधही सोसला.

या शस्त्रक्रियेत खरं कसब गाठ काढण्यात कमी आणि भिंत शिवण्यात जास्त लागतं. गाठीभोवती दाबल्या गेलेल्या स्नायूंचं पातळ आवरण असतं. ते नेमकं चिरलं की गाठ सोलून बाहेर येते. मागे उरलेला खड्डा तळापासून थराथराने शिवावा लागतो, कारण पुढच्या गरोदरपणात ताण तिथेच येणार असतो. म्हणून अशा अनेक जणींना पुढे सिझेरियनचा सल्ला दिला जातो.

सुटी झालेली मोठी गाठ छोट्या छिद्रातून बाहेर कशी काढायची? त्यासाठी तिचे तुकडे करणारं यंत्र आलं. पण २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३५० पैकी एका स्त्रीत न ओळखलेला कर्करोग निघू शकतो आणि यंत्राच्या पात्यांमुळे तो पोटभर पसरू शकतो. तेव्हापासून गाठ आधी पोटातच एका थैलीत बंद करायची आणि मगच तुकडे करायचे, अशी दक्षता घेतली जाते. वय जास्त असेल किंवा पाळी गेल्यावरही गाठ वाढत असेल, तर हा विषय डॉक्टरांशी आवर्जून बोलावा.

न कापता

राव्हिनांचा उपचार आज एम्बोलायझेशन म्हणून ओळखला जातो. तो इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे पडद्यावर शरीरातली प्रतिमा पाहत उपचार करणारे डॉक्टर, करतात. बाई टेबलावर जागी असते. मांडीच्या सांध्यातली किंवा मनगटातली जागा बधिर करून तिथून बारीक नळी धमनीत सरकवली जाते. रंगद्रव्य सोडलं की गर्भाशयाकडे जाणारी नागमोडी धमनी आणि गाठीभोवतीचं रक्तवाहिन्यांचं दाट जाळं पडद्यावर उमटतं. मग बारीक रव्याएवढे, साधारण अर्धा ते एक मिलिमीटरचे कण हळूहळू सोडले जातात. रक्ताचा ओढा गाठीकडे असल्याने कणही तिकडेच जातात आणि तिथे अडकतात. दोन्ही बाजूंना असं केलं की जाळं पडद्यावरून दिसेनासं होतं. निरोगी भिंतीला इतर वाटांनी रक्त मिळत राहतं, गाठीला मात्र ते मिळत नाही. पुढच्या काही महिन्यांत गाठ बहुधा जवळपास निम्म्याने आकसते. पहिल्या एक-दोन रात्री दुखतं, कधी ताप येतो. त्यासाठी औषधं तयार ठेवावी लागतात. अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलिझा राइस यांनी २००४ मध्ये हाच उपचार घेतला होता.

दुसरी पद्धत फोकस्ड अल्ट्रासाउंडची आहे. शरीराबाहेरून सोडलेल्या ध्वनिलहरी गाठीतल्या एका बिंदूवर एकवटतात आणि तिथलं तापमान पेशी मरण्याइतकं वाढवतात. एमआरआयमधून तापमान पाहत बिंदूबिंदूने गाठ निकामी केली जाते. अमेरिकेत या तंत्राला २००४ मध्ये मान्यता मिळाली. लहरींच्या वाटेत आतडं येत असेल किंवा गाठी फार असतील, तर मात्र ते चालत नाही. गाठीत सुई घालून रेडिओलहरींनी ती भाजण्याचं तंत्रही आता उपलब्ध आहे.

आणि त्याही आधी औषधं आहेत. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, संप्रेरक सोडणारी ‘मिरेना’सारखी तांबी आणि गाठ काही काळ आकसवणारी इंजेक्शनं-गोळ्या. पाळी जायला दोन-तीन वर्षं उरलेल्या बाईला एवढ्यावर निभावून नेता येणं शक्य असतं.

किंमतही ऐकून घ्यावी

गर्भाशय राखलं की नव्या गाठी होण्याची शक्यताही राहते. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत एम्बोलायझेशन केलेल्या स्त्रियांचा दहा वर्षं मागोवा घेतला गेला. साधारण दोन-तृतीयांश जणींचं गर्भाशय वाचलं, उरलेल्यांचं पुढे काढावं लागलं. ब्रिटनमधल्या २५४ स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. मायोमेक्टमी आणि एम्बोलायझेशन दोन्हींनी जगणं सुसह्य झालं, पण दोन वर्षांनी मायोमेक्टमीचं पारडं थोडं जड होतं. मूल हवं असेल तर एम्बोलायझेशन सहसा पहिली पसंती नसते. आणि जिला मूल नको आहे, जिच्या गाठी अनेक आहेत आणि जिला कायमची सुटका हवी आहे, तिने सगळं समजून गर्भाशय काढण्याचा निर्णय घेतला तर तो पूर्ण योग्य आहे. तेही आज योनिमार्गाने किंवा दुर्बिणीतून होऊ शकतं.

अडचण आहे ती न समजता, न सांगता होणाऱ्या शस्त्रक्रियांची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यांत ऐन तिशीतल्या बायकाही होत्या. फडावर पाळीची सुट्टी म्हणजे दंड, शौचालय नाही, पाणी नाही, आणि दवाखान्यात कॅन्सरची भीती. अशा कोंडीत घेतलेल्या निर्णयाला निवड म्हणता येत नाही. तरुणपणी गर्भाशय गेलं की पाळी जाण्याचे बदल लवकर सुरू होण्याचा धोका वाढतो. सोबत बीजांडंही काढली तर हाडं आणि हृदय दोन्हींना फटका बसतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले.

आदेश आवश्यक होता, पण तेवढा पुरेसा नाही. नको ती शस्त्रक्रिया रोखली आणि दुसरा उपचार दिला नाही, तर बाई रक्तस्रावासकट तिथेच राहते. हिस्टेरोस्कोपी, तांबी, लोहाची इंजेक्शनं जिल्हा रुग्णालयात मिळाली पाहिजेत. एम्बोलायझेशनसाठी कुठे पाठवायचं हे तालुक्याच्या डॉक्टरला ठाऊक असलं पाहिजे. तोवर प्रत्येक बाईने, आणि तिच्याबरोबर जाणाऱ्या नवऱ्याने, बहिणीने, मुलीने डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारावेत. गाठ नेमकी कुठे आहे? माझा त्रास तिच्यामुळेच आहे का? पिशवी ठेवून काय करता येईल, आणि ते इथे होत नसेल तर कुठे होतं? थांबलं तर काय होईल? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. सही करण्याआधी त्यांची उत्तरं समजेल अशा भाषेत मिळणं हा प्रत्येक बाईचा हक्क आहे. उत्तरं मिळाली नाहीत, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याइतका वेळ बहुतेक गाठी नक्कीच देतात.