बेपत्ता म्हणून नोंद

माझी सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत, मृत्युदाव्यांच्या टेबलावर गेली. त्यामुळे 2024 मध्ये ‘मास्टर्स ऑफ द एअर’ ही मालिका आली आणि घरातली मुलं त्यातल्या हवाई चकमकींत रंगून गेली, तेव्हा माझं लक्ष आकड्यांकडे गेलं. ती गोष्ट शंभराव्या बॉम्बर ग्रुपची. अमेरिकेच्या आठव्या हवाईदलातला हा ग्रुप जून 1943 मध्ये इंग्लंडातल्या नॉरफक परगण्यात, थॉर्प ॲबट्स या खेड्याला लागून असलेल्या तळावर आला आणि युद्ध संपेपर्यंत तिथूनच मोहिमांवर जात राहिला. एकूण मोहिमा 306. परत न आलेली विमानं 177. एकेका विमानात साधारण दहा माणसं, बहुतेक विशीतली.

भागाकार केला तर एका मोहिमेमागे एक विमानही पडत नाही. विम्याचा धंदा अशाच भागाकारांवर चालतो. पण दाव्यांच्या टेबलावर बसणाऱ्याला माहीत असतं की मरण सरासरीनं येत नाही. एरवी रोजच्या दोन-चार फायली असतात, आणि एखाद दिवशी वऱ्हाडाची बस दरीत कोसळली की एकाच गावातली डझनभर घरं एकदम दारात उभी राहतात. शंभराव्या ग्रुपचं तसंच झालं. 17 ऑगस्ट 1943, रेगन्सबर्ग: 9 विमानं. 8 ऑक्टोबर, ब्रेमेन: 7. दोनच दिवसांनी म्युन्स्टर: 12. 6 मार्च 1944, बर्लिन: 15. त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला हँबर्ग: 12. या पाच दिवसांची बेरीज 55 होते. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश नुकसान 306 पैकी फक्त पाच मोहिमांत. त्यावरूनच ‘ब्लडी हंड्रेड्थ’ हे नाव पडलं. 91व्या ग्रुपनं युद्धभरात याहून जास्त, 197 विमानं गमावली, तरी रक्ताचं नाव चिकटलं ते शंभराव्यालाच.

नुकसान असं मोजक्याच दिवसांत का होत होतं, ते नीट समजून घ्यावं लागतं. ग्रुपचं बी-17 हे चार इंजिनांचं अवजड विमान होतं. त्याच्या नाकापासून शेपटीपर्यंत मशीनगन होत्या. अशी विमानं एकमेकांच्या वर-खाली, जवळजवळ, ठरावीक रचनेत उडाली की त्यांच्या गोळीबारात कोणतंही लढाऊ विमान टिकणार नाही, असा वरिष्ठांचा विश्वास होता. तो विश्वास पुऱ्या दोन-अडीच महिन्यांत शेकडो पोरांना भोवला. सोबतीला येणाऱ्या पी-47 लढाऊ विमानांचं इंधन जर्मनीच्या सीमेपर्यंतच पुरायचं. ती मागे वळली की जर्मन वैमानिक समोरून, नाकावर चालून यायचे. एक बॉम्बर पडला की रचनेत भोक, भोक पडलं की शेजारच्याचं संरक्षण गेलं, आणि मग विस्कळीत झालेल्या ग्रुपवर सगळे तुटून पडायचे. शंभराव्यातल्या एका विमानानं शरणागतीची खूण म्हणून चाकं खाली सोडली आणि नंतर गोळ्या झाडल्या, म्हणून जर्मनांनी सूड धरला, अशी एक कथा फार सांगितली जाते. मला ती पटत नाही. इतक्या वेगात समोरून येणारा माणूस शेपटीवरचं ग्रुपचं अक्षर शोधत बसत नाही. तो विस्कटलेली रचना शोधतो.

त्या काळी 25 मोहिमा पुऱ्या केल्या की माणूस घरी. दर मोहिमेला शंभरातली पाच विमानं पडतात असं धरलं, तर पंचविसावी मोहीम संपेतो शंभरातली 28 उरतात. हा हिशेब मी तरुण वयात कागदावर मांडला असता तर हात थरथरला असता. ती पोरं तो हिशेब डोक्यात घेऊन पहाटे विमानात चढत होती. 25 हजार फुटांवर उणे 40 अंशांची थंडी, हातमोजा काढला तर कातडी धातूला चिकटायची, आणि ऑक्सिजनची नळी निसटली तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध.

म्युन्स्टरचा दिवस रविवार होता. ब्रेमेनच्या घावामुळे शंभराव्याकडे धड विमानं उरली नव्हती. तेरा विमानं जर्मनीवर पोहोचली. त्या दिवशी कारखान्यावर नाही, तर थेट शहराच्या मध्यावर, रेल्वे कामगार जिथं राहत त्या वस्तीवर बॉम्ब टाकायचे होते. काही वैमानिकांना ते खटकलं, काहींना नाही. मला ते आजही खटकतं, आणि वर मेलेल्यांबद्दल हळहळताना खाली घरात बसलेल्यांना विसरणं मला जमत नाही. सोबतीची विमानं वळली आणि काही मिनिटांत ग्रुप संपला. तेरांपैकी एकच विमान थॉर्प ॲबट्सला परतलं: ‘रॉयल फ्लश’. वैमानिक रॉबर्ट रोझेन्थाल, ब्रुकलिनचा वकील, तीन दिवसांत तिसऱ्या मोहिमेवर. दोन इंजिनं बंद, ऑक्सिजन संपलेला, दोन गनर गंभीर जखमी. हाच माणूस एकूण 52 मोहिमा उडाला, दोनदा पाडला गेला, तरी वाचला आणि युद्धानंतर त्यानं न्युरेंबर्गच्या खटल्यांत सरकारी बाजूनं काम केलं.

पण माझं मन गुंतलं ते कागदांत. विमान परतलं नाही की 48 तासांत एक अहवाल भरावा लागे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले असे अहवाल आता घरबसल्या वाचता येतात. त्यात विमानाचा क्रमांक, चारही इंजिनांचे क्रमांक, प्रत्येक मशीनगनचा क्रमांक, हवामान, शेवटचं कुठं आणि कोणी पाहिलं; मग माणसांची यादी, आणि प्रत्येकापुढे जवळच्या नातलगाचं नाव-पत्ता. बहुतेक ठिकाणी आई, काही ठिकाणी बायको. काही अहवालांना मागाहून जोडलेली प्रश्नावली आहे. कैदेतून सुटून आलेल्या सोबत्याला प्रत्येक बेपत्ता माणसाबद्दल विचारलेलं: त्यानं उडी मारली का? नसेल तर का नाही? तो जखमी होता का? तुमचं त्याच्याशी शेवटचं बोलणं काय झालं? मी आयुष्यभर अपघाताचे पंचनामे वाचले, पण शेवटचं बोलणं विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्मात पाहिला नव्हता. तो कोणी घातला असेल, त्या कारकुनाचे मला पाय धरावेसे वाटतात. मुलाच्या आईला हवं असतं ते त्याच रकान्यात असतं.

बेपत्ता माणसाचं पुढे काय, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. आपल्याकडे सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं कायदा धरतो. कित्येक बायका माझ्यासमोर ही सात वर्षं मोजत बसल्या आहेत. अमेरिकेनं 1942 मध्ये कायदा करून युद्धातल्या बेपत्त्यांसाठी ही मुदत बारा महिने केली. तोवर पगार चालू, घरच्यांना त्यातला ठरलेला वाटा चालू. जिवंत कैदी असल्याचं रेड क्रॉसकडून कळलं, तर घरी आनंद. काहीच कळलं नाही, तर वर्ष उलटल्यावर मृत्यूचा निर्णय, आणि ज्यानं पूर्ण विमा उतरवला होता त्याच्या घरच्यांना सरकारी विम्याचे दहा हजार डॉलर, तेही हप्त्याहप्त्यानं.

त्या निर्णयाची तारीख बहुधा बेपत्ता झाल्याच्या तारखेनंतर एक वर्ष आणि एक दिवस अशी पडे. म्हणून म्युन्स्टरवर नाहीसा झालेला आणि देहही न सापडलेला एखादा गनर कागदोपत्री 11 ऑक्टोबर 1944 ला मेला असं दिसतं. आकडे जुळवणाऱ्यांनी अशा तारखा जशाच्या तशा उचलू नयेत, मूळ अहवाल उघडावा. रविवार, 10 ऑक्टोबर 1943, दुपार, म्युन्स्टर: त्याच्या मरणाची नोंद तिथं करायला हवी, त्याच विमानातल्या इतरांच्या शेजारी.