पोडावरच्या पोराच्या वहीत काय आहे?

एकाच पिशवीतली सरकी निम्मी भारी जमिनीत अन् निम्मी बरडावर लावली, तर पऱ्हाटी सारखी येईल का? नाही येणार. दोष आपण बियाण्याला देत नाही. मग पोडावरच्या पोराला 'हे जात्याच मठ्ठ' असे का म्हणावे?

आपल्या जिल्ह्यात झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी भागात कोलाम बांधवांचे पोड आहेत. त्यांची घरची बोली कोलामी. ती तेलुगू, गोंडीप्रमाणे द्रविड कुळातली, मराठीच्या कुळातली नव्हे. पहिलीत बसलेल्या पोराला गुरुजींचे बोलणेच उमगत नाही. मग सोपा मार्ग निघतो: फळ्यावरचे उतरव! वही भरते, शिकणे राहून जाते. मराठी घरच्या पोराला मात्र 'का?', 'कसे?' असे प्रश्न मिळतात. शाळा दोघांना मिळाली, पण अभ्यासाचा कस सारखा नाही.

घटनेचे कलम ३५० अ (१९५६) प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा, असे सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तोवर मातृभाषाच सांगतो व वंचित मुलांशी भेदभावाला मनाई करतो. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा दिली आहे.

तेव्हा पुढील गोष्टी कराव्यात :

१) पालकांनी वही उघडावी. साऱ्या वर्गाच्या वहीत शब्दन्‌शब्द एकच असेल, तर ती नक्कल समजावी. वाचता येत नसले तरी पोराला विचारा, 'यात काय लिहिलं, सांग बरं.'

२) गुरुजींनी पोराला आधी कोलामीत सांगू द्यावे, मग मराठीत लिहू द्यावे. गणित कापसाच्या वजनाचे, धुऱ्याच्या मापाचे घालावे. पोडावरच्या शिकलेल्या मुलामुलींची मदत घ्यावी.

३) सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पोडावरचे पालक समितीत केवळ सहीपुरते ठेवू नयेत. एखादी सभा पोडावरच घ्यावी.

उद्या याच पोराला काट्यावरचे वजन, कर्जाचा कागद अन् सातबारा समजून घ्यायचा आहे. नुसते उतरवून घेणारा तिथे नाडला जातो.

पऱ्हाटीच्या नांग्या आपण आठ-दहा दिवसांत भरतो. पहिली-दुसरीत पडलेली नांगी सातवीत भरणे फार जड जाते.